छत्तीस बटणं आणि झोपलेलं वेंकटापुरम

विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्स कारखान्यात ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरीन या रसायनाची गळती झाली. तिच्या चौकशीचा अहवाल सुमारे चार हजार पानांचा आहे. त्यातली एक नोंद मला बाकीच्या साऱ्या तांत्रिक निष्कर्षांपेक्षा मोठी वाटते. कारखान्यात धोक्याचा सायरन सुरू करता येईल अशा ३६ जागा होत्या आणि त्यातली एक थेट मुख्य फाटकावर होती. त्या पहाटे एकाही जागेवरून सायरन वाजवला गेला नाही.

भिंतीपलीकडे आर. आर. वेंकटापुरम झोपेत होतं. चौकशीच्या नोंदीनुसार १२ माणसं गेली आणि ५८५ जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. गाईगुरं गोठ्यातच दगावली, कारखान्याजवळची झाडं करपली. टाकी का तापली, थंड करणारी यंत्रणा का अपुरी पडली, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मी हे प्रकरण मांडतोय ते दुसऱ्या अंगाने. धोका कारखान्यात शिजत होता तेव्हा गावाला काय माहीत होतं, कुणी काय सांगायला हवं होतं, आणि प्रत्यक्षात काय सांगितलं गेलं? महाराष्ट्रात एमआयडीसीच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या लाखो लोकांना हाच प्रश्न लागू आहे.

कारखाना आधी, गाव नंतर

हा कारखाना १९६१ सालचा. तेव्हा नाव हिंदुस्थान पॉलिमर्स. १९७८ मध्ये तो मॅकडॉवेल कंपनीत विलीन झाला आणि १९९७ मध्ये दक्षिण कोरियाच्या एलजी केमने विकत घेतला. स्टायरीनपासून पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिक बनवणं हे इथलं मुख्य काम. सुरुवातीला तो शहराबाहेर होता. मग विशाखापट्टणम वाढत गोपालपट्टणमपर्यंत आलं आणि वेंकटापुरम, वेंकटाद्रीनगर, नंदमुरीनगर, पद्मनाभपुरम अशा वस्त्या कारखान्याभोवती दाट झाल्या. घरं अगदी कुंपणाच्या भिंतीपर्यंत आली.

अपघातानंतर काही जण म्हणाले, कारखाना आधीपासून होता, लोक नंतर राहायला आले. डोंबिवलीतही हेच ऐकायला मिळतं. मला हा युक्तिवाद अर्धवट वाटतो. त्या घरांना परवानग्या मिळाल्या, वीज मिळाली, नळ मिळाले, घरपट्टीच्या पावत्या मिळाल्या. इतक्या सरकारी कागदांत एक कागद मात्र कुणी दिला नाही: तुमच्या भिंतीपलीकडे अठराशे टनांहून जास्त स्टायरीन असलेली टाकी आहे.

शिवाय कारखान्याची कागदपत्रं धड नव्हती. वाढीव उत्पादनासाठी लागणारी वैध पर्यावरणीय मंजुरी आपल्याकडे नाही, हे कंपनीने मे २०१९ च्या प्रतिज्ञापत्रात स्वतःच लिहून दिलं होतं. म्हणजे अपघाताच्या वर्षभर आधी ही माहिती सरकारदरबारी होती.

टाकी आतून तापत गेली

स्टायरीन हा तेलासारखा, रंगहीन, गोडसर उग्र वासाचा द्रव. त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन साखळ्या बनतात आणि प्लॅस्टिक तयार होतं. कारखान्याला हेच हवं असतं, पण यंत्रात आणि ताब्यात ठेवून. साठवणुकीच्या टाकीत ही साखळी आपोआप सुरू झाली तर उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने साखळी आणखी वेग घेते आणि मग ती आवरत नाही. म्हणून स्टायरीन थंड ठेवतात आणि त्यात टर्शरी ब्युटाइल कॅटेकोल, म्हणजे टीबीसी, हे रोधक मिसळतात. ते काम करायला द्रवात विरघळलेला ऑक्सिजनही लागतो.

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि उत्पादन थांबलं. एम-६ नावाची टाकी भरलेली राहिली. नेहमी वापरात असणारा माल हलता राहतो, नवा येतो, जुना जातो. इथे तो आठवडेच्या आठवडे पडून होता आणि उन्हाळा चढत होता. राष्ट्रीय हरित लवादाने नेमलेल्या समितीने आणि राज्याच्या उच्चाधिकार समितीने पुढे जे नोंदवलं ते थोडक्यात असं: रोधकाचं प्रमाण अपुरं होतं, टाकीतल्या वरच्या मोकळ्या जागेत बाष्पासाठी रोधकाची सोयच नव्हती, ऑक्सिजन मोजला जात नव्हता, शीतकरण चोवीस तास चालत नव्हतं, आणि तापमान मोजण्याची सोय फक्त तळाशी होती.

ओल्या कडब्याची गंजी बाहेरून हात लावला तर थंड लागते आणि आत धग धरून असते. एम-६ मध्ये तेच झालं. थंड द्रव तळाशी, आणि मोजमापही तळाशीच. नोंदवहीत आकडा ठीक दिसत राहिला. मधल्या आणि वरच्या थरांत साखळी सुरू झाली होती, ते कुणाला दिसण्याचा मार्गच नव्हता. स्टायरीन १४५ अंश सेल्सिअसला उकळतं. त्या पहाटे टाकी तिथवर पोचली आणि बाष्प टाकीच्या माथ्यावरून बाहेर पडू लागलं. लवादाच्या समितीच्या अंदाजाने सुमारे ८०० टन.

आणखी एक तपशील. ही प्रक्रिया विझवायला लागणारं रोधक पुरेशा प्रमाणात विशाखापट्टणममध्ये नव्हतं. ते गुजरातेतून, दमणच्या विमानतळावरून, विमानाने मागवावं लागलं. ज्या रसायनाचा हजारो टन साठा शहरात होता, त्यावरच्या उताऱ्याचे पाचशे किलो देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावरून आणावे लागले. आपत्कालीन योजना खरंच कुणी बसून तयार केली असती, तर ‘रोधक कुठून आणणार, किती तासांत येणार’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघाला असता.

पहाटेचे तास

गळती तीनच्या सुमाराची. स्टायरीनचं बाष्प हवेच्या साडेतीन पटींहून जड असतं. ते वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतं, सखल भागात, गटारांत, बंद अंगणांत साचतं. पहाटेची हवा संथ असते, त्यामुळे ते लवकर विरळही होत नाही.

लोक जागे झाले ते वासाने, डोळ्यांच्या जळजळीने आणि खोकल्याने. काय झालंय हे सांगणारा आवाज नव्हता. काही जण दार उघडून बाहेर आले आणि रस्त्यावरच कोसळले. काही दुचाकीवरून निघाले आणि वाटेत शुद्ध हरपून पडले. अंधारात पळताना विहिरीत पडूनही मृत्यू झाला. मृतांत लहान मुलगी होती, वैद्यकीय शिक्षण घेणारा विद्यार्थी होता. फोन गेल्यावर आलेल्या पोलिसांनाही भोवळ येऊ लागली, कारण आपण कशात शिरतोय हे त्यांनाही नीट माहीत नव्हतं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी नंतर घरोघर जाऊन, दारं तोडून, आत बेशुद्ध पडलेल्यांना बाहेर काढलं. शहरातलं किंग जॉर्ज रुग्णालय करोनाच्या तयारीत गुंतलेलं होतं. तिथे त्या सकाळी एकेका खाटेवर दोन-तीन मुलं ठेवावी लागली.

या तासांचं वर्णन करताना पोलिसांचं, जवानांचं आणि शेजाऱ्यांना खांद्यावर टाकून नेणाऱ्या तरुणांचं कौतुक झालं. ते योग्यच आहे. पण शूरपणा लागला, कारण इशारा नव्हता. सायरन पहिल्या काही मिनिटांत वाजला असता, आणि त्याचा अर्थ लोकांना माहीत असता, तर बेशुद्ध पडायच्या आत चालत बाहेर पडणारे बरेच जण असते. वाक्यातला दुसरा भाग मुद्दाम घातलाय. नुसता सायरन पुरत नाही. ज्याचा अर्थ कधी सांगितलेलाच नाही तो आवाज ऐकून माणूस खिडकीत येऊन बघत उभा राहतो.

सायरन का वाजवला नाही? रात्रपाळीला माणसं कमी होती, टाळेबंदी होती, गोंधळ होता, हे सगळं खरं. उच्चाधिकार समितीने मात्र सौम्य शब्द वापरले नाहीत. टाकीच्या सदोष रचनेपासून व्यवस्थापनाच्या ढिलाईपर्यंत कारणं मोजताना तिने आपत्कालीन कार्यपद्धती पूर्णपणे कोलमडल्याचं नोंदवलं. रिकाम्या बसलेल्या कारखान्यात स्टायरीन कसं वागतं याचं ज्ञान कर्मचाऱ्यांकडे पुरेसं नव्हतं, हेही लिहिलं.

माझ्या मते यामागे आणखी जुनी सवय आहे. ‘आधी आपल्या पातळीवर बघू, लोकांत घबराट नको.’ भोपाळला २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडचा लोकांना ऐकू जाणारा मोठा सायरन थोड्या वेळात बंद करण्यात आला होता, आणि तो पुन्हा जोरात वाजला तेव्हा वायू वस्त्यांत पसरून बराच वेळ झाला होता. छत्तीस वर्षांच्या अंतराने दोन शहरांत, दोन वेगळ्या कंपन्यांत, पहिल्या तासात भिंतीबाहेरच्या माणसाला न कळवणं हे सारखंच राहिलं.

घरात थांबायचं की बाहेर पडायचं

सकाळी विशाखापट्टणम महापालिकेने समाजमाध्यमांवरून आवाहन केलं: परिसरातल्या नागरिकांनी घराबाहेर पडू नये, नाकातोंडाला ओला कपडा बांधावा. त्याच वेळी पोलीस आणि जवान वेंकटापुरममध्ये दारं ठोठावून लोकांना बाहेर काढत होते.

वरवर पाहता ही विसंगती. पण दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर असू शकतात, आणि या प्रकरणात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे. कारखान्याच्या भिंतीला लागून, फटी असलेल्या दारांच्या घरात, तासन् तास चालणाऱ्या गळतीत बसून राहिलं तर घर हळूहळू बाष्पाने भरतं. त्या माणसाने निघायला हवं, आणि तेही वाऱ्याच्या आडव्या दिशेने. दोन-तीन किलोमीटरवरच्या पक्क्या इमारतीत, वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने मात्र खिडक्या लावून, पंखे आणि कूलर बंद करून आतच थांबणं बरं. तो घाबरून बाहेर पडला तर मोकळ्या हवेत जास्त श्वास घेईल, शिवाय रुग्णवाहिकांचा रस्ता अडवेल. पहिला माणूस कोणत्या गल्लीपर्यंत आणि दुसरा कोणत्या गल्लीपासून, ही रेघ नकाशावर आधी ओढलेली असावी लागते. पहाटे चार वाजता ती ओढता येत नाही.

ओल्या कपड्याचंही तसंच. भोपाळला गळलेल्या मिथाइल आयसोसायनेट या वायूची पाण्याशी अभिक्रिया होते. तिथे ओला कपडा तोंडावर धरला असता तर अनेक जीव वाचले असते, असं नंतर सांगितलं गेलं, आणि तेव्हापासून हा सल्ला आपल्याकडे सरसकट प्रत्येक वायुगळतीला दिला जातो. अमोनिया पाण्यात भरपूर विरघळतो, त्यालाही तो बऱ्यापैकी लागू पडतो. स्टायरीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ओल्या रुमालाने स्टायरीन अडेल असं मानून ढगात थांबलेल्या माणसाची ती फसवणूक आहे. तिथे एकच उपाय, ढगातून बाहेर पडणं. कोणतं रसायन आहे यावर सल्ला बदलतो. म्हणूनच ‘आमच्या शेजारी काय साठवलंय’ हे नागरिकाला कळणं ही चैनीची मागणी ठरत नाही.

वेंकटापुरमच्या घरांत वर्षभर आधी तेलुगूत छापलेलं एक पान पोचलं असतं, तर त्यावर काय असायला हवं होतं? माझ्या डोळ्यांपुढे ते असं येतं. कारखान्यात स्टायरीन आहे. त्याला गोडसर, प्लॅस्टिकसारखा उग्र वास येतो आणि धोक्याच्या पातळीच्या खूप आधीच तो जाणवतो. वास अचानक तीव्र झाला आणि डोळे चुरचुरू लागले, तर सायरनची वाट पाहू नका. दुपट्टा किंवा रुमाल हातात धरून वारा कुठून येतोय ते बघा आणि त्याच्या आडवे, उंच बाजूकडे चालत निघा. गॅस, काडी पेटवू नका, कारण हे बाष्प पेट घेतं. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांची जबाबदारी कोणत्या शेजाऱ्याकडे आहे ते गल्लीत आधीच ठरवा. जमायची जागा अमुक शाळा. तिथे पोचल्यावर कपडे बदला, अंग आणि डोळे पाण्याने धुवा. सायरनचा कोणता आवाज म्हणजे निघा आणि कोणता म्हणजे धोका टळला, तेही लिहिलेलं. खाली दोन फोन नंबर, एक कारखान्याच्या नियंत्रण कक्षाचा आणि एक जिल्ह्याचा.

एवढंच. छपाईचा खर्च कारखान्याच्या एका दिवसाच्या वीजबिलापुढे काहीच नसता. असा कागद कधी मिळाला नव्हता, कवायत कधी झाली नव्हती, असं तिथले रहिवासी अपघातानंतर सांगत होते.

दुसरी रात्र

७ मेच्या रात्री जे झालं त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. टाकी अजून तापलेलीच होती. पुन्हा बाष्प सुटल्याची बातमी पसरली. किती किलोमीटरच्या आतल्यांनी निघायचं याचे वेगवेगळे आकडे वाहिन्यांवर आणि फोनवर फिरू लागले, आणि ज्यांना धोका नव्हता अशा भागांतलेही लोक मध्यरात्री पोराबाळांसह रस्त्यावर आले. शेवटी पोलीस आयुक्तांना सांगावं लागलं की केवळ दोन किलोमीटरच्या आतल्यांना आणि तेही खबरदारी म्हणून बाहेर यायला सांगितलंय, इतरांनी घर सोडायची गरज नाही.

पहिल्या रात्री माहिती नव्हती म्हणून माणसं मेली. दुसऱ्या रात्री माहितीवर विश्वास नव्हता म्हणून शहर रस्त्यावर आलं. या गर्दीला ‘अफवा’ म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. ज्याला काल कुणी उठवलं नाही, तो आज ‘तुम्हाला धोका नाही’ हे ऐकून झोपेल कसा? भोपाळमध्येही हेच घडलं होतं. १६ डिसेंबर १९८४ पासून उरलेलं मिथाइल आयसोसायनेट कीटकनाशकात रूपांतरित करून संपवायचं ठरलं. कामाला नाव दिलं ‘ऑपरेशन फेथ’. सरकारने आधी जाहीर केलं, शास्त्रज्ञांनी समजावलं, कारखान्याभोवती ओलं कापड बांधलं, हेलिकॉप्टरने पाणी शिंपडलं. सगळं पद्धतशीर. तरीही त्याआधीच लोक लाखांच्या संख्येने शहर सोडून निघून गेले.

सरकारने त्याच दिवसापासून हालचाल केली, ती नाकारण्याचं कारण नाही. राष्ट्रीय आपत्ती दलाचं रासायनिक आपत्ती हाताळणारं पथक पुण्याहून आणि नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचे तज्ज्ञ विमानाने विशाखापट्टणमला पाठवायचा निर्णय ७ मे रोजीच झाला. मेघाद्रीगेड्डा जलाशयातून होणारा पाणीपुरवठा थांबवला गेला. मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी एक कोटी रुपये आणि बाधित पाच वस्त्यांतल्या प्रत्येक रहिवाशाला दहा हजार रुपये जाहीर झाले. ९ मे रोजी लोकांनी मृतदेह फाटकासमोर ठेवून कारखाना हटवा अशी मागणी केली. पुढे लोकांनी घरी परतावं म्हणून मंत्र्यांनी एक रात्र त्या वस्त्यांत मुक्काम केला. शहरातल्या स्टायरीनचा साठा जहाजांतून दक्षिण कोरियाला परत पाठवला गेला. जुलैत अहवाल आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह बारा जणांना अटक झाली. हरित लवादाने कंपनीला ५० कोटी रुपये जमा करायला आधीच सांगितलं होतं.

मंत्र्यांच्या त्या मुक्कामाबद्दल मला आदर आहे, कारण शब्दांपेक्षा तो जास्त बोलका होता. पण विश्वास अशा मुक्कामांवर उभा करावा लागला, कारण त्याआधीच्या वर्षांत तो महिन्याच्या साध्या बैठकांमधून उभा राहायला हवा होता. आणि अशा बैठकांची तरतूद कायद्यात आहे.

कायद्यात काय लिहिलंय

भोपाळनंतर आपण कायदे कमी केले नाहीत. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात कलम ४१ ब घातलं गेलं: धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्याने धोक्यांची आणि ते टाळण्याच्या उपायांची माहिती कामगारांना, निरीक्षकांना, स्थानिक स्वराज्य संस्थेला आणि आसपासच्या जनतेलाही दिली पाहिजे. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. कुंपणाच्या आतली योजना कारखान्याने करायची आणि दर सहा महिन्यांनी तिची कवायत घ्यायची. कुंपणाबाहेरची योजना जिल्हा प्रशासनाने करायची आणि वर्षातून एकदा तरी तिची तालीम घ्यायची. आणि ज्यांना अपघाताची झळ बसू शकते त्यांना धोक्याचं स्वरूप आणि ‘काय करावं, काय करू नये’ हे आधी कळवायचं.

१९९६ चे रासायनिक अपघातांचे नियम तर मला या देशातल्या सगळ्यात शहाण्या नियमांपैकी वाटतात. त्यात केंद्रापासून औद्योगिक वसाहतीपर्यंत चार पातळ्यांवर संकट गट नेमायला सांगितलंय. सर्वांत खालच्या, स्थानिक गटाची रचना वाचून बघा: अध्यक्ष प्रांताधिकारी, सचिव कारखाना निरीक्षक, वसाहतीतल्या उद्योगांचे प्रतिनिधी, रसायनांची वाहतूक करणारे दोघे, अग्निशमन अधिकारी, पोलीस ठाण्याचा प्रमुख, गटविकास अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर, शिवाय परिसरातले दोन नावाजलेले डॉक्टर, दोन समाजसेवक, सरपंच किंवा वस्तीचा पुढारी, आणि स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक. बैठक दर महिन्याला.

संपादकाला त्या टेबलावर बसवणाऱ्याने फार दूरचं पाहिलं होतं. आणीबाणीत लोकांपर्यंत बातमी पोचवणारा माणूस आधीपासून साऱ्या साठ्यांची, टाक्यांची, वाऱ्याच्या दिशांची माहिती घेऊन तयार असावा, हा त्यामागचा विचार. ट्रकवाल्यांना घेतलं, कारण रस्त्यावर उलटणारा टँकर हाही त्या गावाचाच धोका. अमेरिकेने भोपाळनंतर दोन वर्षांत, १९८६ मध्ये, लोकांच्या माहितीच्या हक्काचा कायदा केला आणि स्थानिक नियोजन समित्या उभ्या केल्या. युरोपने औद्योगिक अपघातांबद्दलच्या सेवेसो निर्देशात असं ठरवलं की शेजाऱ्यांना माहिती न मागताच मिळाली पाहिजे. आपले नियम कागदावर त्यांच्या फारसे मागे नाहीत. वेंकटापुरममध्ये मागे पडला तो या कागदापासून दारापर्यंतचा रस्ता.

यात दोष फक्त कंपनीचा मानणंही सोयीचं होईल. कुंपणाबाहेरची तालीम वर्षातून एकदा घेणं हे प्रशासनाचं काम. ती होते तेव्हा बहुधा अशी होते: कारखान्याच्या आवारात धूर सोडतात, बंब येतो, स्ट्रेचरवर एक कामगार झोपतो, अधिकारी घड्याळ बघतात, छायाचित्र निघतं. भिंतीपलीकडच्या गल्लीला त्याची खबर नसते. ज्या तालमीत शेजारच्या शाळेतली मुलं, अंगणवाडीच्या ताई, सोसायटीचा वॉचमन आणि टपरीवाला नसतो, ती कुंपणाबाहेरची तालीम झाली असं मी मानत नाही.

डोंबिवलीत, तारापुरात, महाडात

डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, १२ जण गेले, दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ रोजी त्याच एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. या दुसऱ्या वेळी सुरुवातीला सगळीकडे ‘बॉयलर फुटला’ अशी बातमी गेली, नंतर रिॲक्टर असल्याचं सांगितलं गेलं. घराच्या काचा अंगावर पडलेल्या माणसाला हा फरक वरवरचा वाटेल, पण बॉयलरमध्ये वाफ असते आणि रिॲक्टरमध्ये रसायन. खिडकी उघडी ठेवायची की बंद, जखम कशी धुवायची, डॉक्टरांना काय सांगायचं, हे त्यावर ठरतं. दोन स्फोटांच्या मधे आठ वर्षं गेली, तरी पहिल्या तासात शेजाऱ्याला रसायनाचं नाव सांगण्याची घडी बसली नव्हती.

तारापूर, महाड, लोटे परशुराम, रोहा, पाताळगंगा, कुरकुंभ, अंबरनाथ, चेंबूर. या भागांत राहणाऱ्यांना वास रोजचाच. म्हणूनच तिथे धोका जास्त आहे. वासाची सवय झालेला माणूस, रोजचा वास आणि गळतीचा वास यातला फरक कळेपर्यंत उशीर करतो. प्रदूषणाची तक्रार आणि आपत्कालीन नियोजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्या सोसायट्या बहुतेक वेळा पहिलीवरच थांबतात.

मागायचं काय, तेही नेमकं असावं. आपल्या वसाहतीपासून जवळ असलेल्या मोठ्या अपघाताचा धोका म्हणून नोंद झालेल्या कारखान्यांची नावं आणि त्यांतल्या रसायनांची नावं. जिल्ह्याच्या कुंपणाबाहेरच्या योजनेतला आपल्या भागाचा नकाशा, त्यात आपलं घर कोणत्या रेघेच्या आत आहे ते. शेवटची बाहेरची तालीम कधी झाली आणि तिच्यात रहिवासी होते का. स्थानिक संकट गटाच्या गेल्या वर्षभराच्या बैठकांची इतिवृत्तं आणि सदस्यांची नावं. सायरनचे संकेत आणि तो कुठपर्यंत ऐकू येतो. जवळच्या सरकारी दवाखान्यात त्या रसायनांच्या उपचारांची माहितीपत्रकं आहेत का.

शेवटच्या दोन गोष्टी अर्ज न करताही तपासता येतात. कारखान्याच्या सायरनची चाचणी कधी असते ते फाटकावर विचारावं आणि त्या वेळी आपल्या गच्चीवर, आपल्या झोपायच्या खोलीत, पंखा लावून आणि दार बंद करून तो ऐकू येतो का ते पाहावं. नसेल येत तर ते लेखी कळवावं. दवाखान्यात जाऊन डॉक्टरांशी बोलावं. बहुतेक डॉक्टर हे पत्रक मिळालं तर आनंदाने ठेवून घेतात.

बाकीच्या कागदांसाठी माहितीचा अधिकार. कुंपणाबाहेरची योजना आणि संकट गटाची इतिवृत्तं यांचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, कारखान्याच्या आतल्या योजनेच्या आणि कवायतींच्या नोंदींचा अर्ज औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून वरच्या प्रत्येक मागणीचा वेगळा अर्ज करावा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘व्यापारी गुपित’ म्हणून नकार आला तर पहिल्या अपिलात १९८९ च्या नियमांचा हवाला द्यावा. शेजाऱ्यांना धोक्याचं स्वरूप कळवणं ही त्या नियमांनी घातलेली सक्ती आहे, आणि अपिलासाठी नकार मिळाल्यापासून तीस दिवस हातात असतात.